ग्रंथालयांतील विषयशीर्षकें

ग्रंथालयांत येणाऱ्या वाचकांचे दोन वर्ग असतात. एकास अमुक लेखकाचा अमुक ग्रंथ हवा असतो. दुसऱ्यास ग्रंथाचें नांव ठाऊक नसतें, विषय तेवढा माहीत असतो. पहिल्याची सोय वर्णानुक्रमानें लावलेली यादी करूं शकते. दुसऱ्यासाठीं मात्र प्रत्येक ग्रंथ कशाविषयीं आहे हें कोणीं तरी अगोदर ठरवून त्या विषयास एक नांव द्यावें लागतें. या नांवास विषयशीर्षक म्हणतात. हें काम निव्वळ कारकुनी आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हें येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषयवार मांडणी आपणांस नवी नाहीं. अमरसिंहानें आपल्या कोशांतील शब्द वर्णानुक्रमानें न लावतां वर्गवारीनें लावले. परंतु तो कोश विद्यार्थी मुखोद्गत करीत. शब्द कोणत्या वर्गांत शोधावा ही अडचण त्यांस फारशी पडत नसे. छापील ग्रंथांच्या राशी वाढल्या, तेव्हां ही अडचण खरी उभी राहिली. इ. स. १८७६ मध्यें अमेरिकेंत तिचीं दोन उत्तरें पुढें आलीं. मेलव्हिल ड्यूई यानें सर्व ज्ञानाचे दहा वर्ग करून प्रत्येकास अंक दिले. बोस्टन येथील ग्रंथपाल चार्ल्स कटर यानें त्याच वर्षीं सूचीचे नियम प्रसिद्ध करून शब्दांचा मार्ग दाखविला. मांजरावरील पुस्तक ‘प्राणिशास्त्र’ किंवा ‘सस्तन प्राणी’ या शीर्षकाखालीं न घालतां ‘मांजर’ याच शीर्षकाखालीं घालावें, आणि एका विषयास अनेक नांवें असल्यास वाचकांत रूढ असलेलें नांव पत्करावें, असें त्याचें म्हणणें. वॉशिंग्टन येथील अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयानें १८९८ पासून आपलीं विषयशीर्षकें तयार करण्यास आरंभ केला, आणि १९०१ पासून छापील सूचीपत्रें इतर ग्रंथालयांस विकावयास काढलीं. त्यामुळें एका शहरांत ठरलेलीं नांवें दूरदूरच्या ग्रंथालयांत जाऊन बसलीं.

कटरचा नियम वरवर पाहतां निर्दोष दिसतो. परंतु रूढ नांव म्हणजे कोणांत रूढ? १८५७ च्या घटनेचें उदाहरण घेऊं. त्या घटनेस काँग्रेसच्या ग्रंथालयानें भारताच्या इतिहासाखालीं ‘सिपॉय रिबेलियन’, म्हणजे शिपायांचें बंड, हें शीर्षक दिलें. इंग्रजी वाचकांत रूढ असलेल्या नांवांच्या जवळचेंच तें होतें, म्हणून नियमाप्रमाणें त्यांत चूक काढतां येणार नाहीं. आतां सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ पाहा. मूळ मराठींत लिहिलेला हा ग्रंथ १९०९ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झाला. तें बंड नसून स्वातंत्र्यसमर होतें, हाच त्याचा सिद्धान्त. तो ग्रंथाच्या नांवांतच सांगितलेला आहे. असा ग्रंथ ‘बंड’ या शीर्षकाखालीं नोंदला गेला, म्हणजे वाचकानें पहिलें पान उघडण्यापूर्वींच वादाचा निकाल लागल्यासारखा होतो. सावरकरांचा सिद्धान्त कोणास मान्य असो वा नसो, तो निकाल देण्याचा अधिकार सूचीकाराकडे कोठून आला, हा प्रश्न उरतोच.

यावर सूचीकाराचें उत्तर आहे, आणि तें पोकळ नाहीं. प्रत्येक ग्रंथकाराच्या मताप्रमाणें शीर्षक दिल्यास एकाच घटनेवरील ग्रंथ बंड, उठाव, युद्ध अशा चार ठिकाणीं विखुरतील, आणि ज्या वाचकासाठीं हा खटाटोप त्यासच अर्धे ग्रंथ सांपडणार नाहींत. म्हणून नांव एकच हवें.

आपल्याकडे या प्रश्नाचा मूलगामी विचार शियाळी रामामृत रंगनाथन यांनीं केला. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्यें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, व १९३३ मध्यें त्यांची द्विबिंदु वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध झाली. विषय अखंड न घेतां त्याचीं अंगें वेगळीं करावयाचीं व प्रत्येकाचें चिन्ह क्रमानें मांडावयाचें, ही तिची किल्ली. इतिहासाचें अक्षर, भारताचा अंक आणि १८५७ चा कालांक एकापुढें एक ठेवले, कीं ग्रंथाची जागा ठरली. बंड कीं समर हा वाद मध्यें येत नाहीं. परंतु वाचक अंक घेऊन येत नाहीं, शब्द घेऊन येतो. अंकापर्यंत त्यास नेणारा शब्द शेवटीं कोणास तरी निवडावाच लागतो.

तेव्हां निवड टळत नाहीं. ती उघडी व दुरुस्त करतां येण्याजोगी मात्र ठेवतां येते. ‘अमुक पाहा’ ही सूचींतील लहानशी नोंद याच कामाची आहे. टाकलेलें नांव ती पुसून टाकीत नाहीं, त्या नांवानें येणाऱ्यासही दार उघडें ठेवते. काँग्रेसच्या ग्रंथालयानें ‘अस्पृश्य’ या अर्थाचें इंग्रजी शीर्षक सोडून पुढें ‘दलित’ हा शब्द स्वीकारला; ज्यांच्याविषयीं ग्रंथ लिहिले गेले त्यांचा स्वतःचा शब्द अशा रीतीनें सूचींत आला. ‘बेकायदा परके’ अशा अर्थाचें शीर्षक बदलावें ही मागणी अमेरिकेंतील विद्यार्थ्यांनीं २०१४ मध्यें केली. २०१६ मध्यें तो बदल जाहीर होतांच प्रतिनिधिगृहांत विरोध झाला, आणि प्रत्यक्ष बदल २०२१ मध्यें झाला. एका सूचीपत्रावरील दोन शब्दांसाठीं कायदेमंडळ जागें होतें, यावरूनच हें काम कारकुनी नव्हे हें उघड आहे.

मराठी सूची करणारांनीं यांतून एक गोष्ट घ्यावी असें आम्हांस वाटतें. परक्या शीर्षकांचें भाषांतर करणें सोपें आहे, पण त्या शब्दांबरोबर त्यांतील निवाडेही आपल्या कपाटांत येतात. निवाडा करावयाचाच, तर तो आपण विचारपूर्वक करावा, आणि नाकारलेल्या नांवापुढें ‘पाहा’ लिहावयास विसरूं नये.