फिट्स : अमिरातीच्या मंगळविदेचे बायनरी वाचन

फिट्स : खगोलशास्त्रीय विदा साठवण्याचे बायनरी फाइल-स्वरूप. वेल्स, ग्रीसेन व हार्टेन यांनी ते १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. संयुक्त अरब अमिरातीचे ‘होप’ (अल-अमल) यान ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. दुबईच्या मोहम्मद बिन राशिद अंतराळ केंद्राच्या या मोहिमेची विदा ऑक्टोबर २०२१ पासून जगाला विनामूल्य खुली झाली, ती याच स्वरूपात.

रचना : फाइल २,८८० बाइटांच्या ठोकळ्यांत विभागलेली असते. आधी शीर्षभाग, त्यात ८० अक्षरांची एक नोंद, अशा ३६ नोंदींचा एक ठोकळा. पुढच्या संख्या किती बिटांच्या, तक्ता किती रकान्यांचा, हे तिथे साध्या अक्षरांत लिहिलेले असते. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आज वाचता येते ती यामुळेच.

बाइटक्रम : फिट्समध्ये संख्येतील मोठ्या स्थानाचा बाइट आधी येतो (बिग-एंडियन). इंटेलचे प्रोसेसर उलट क्रमाने वाचतात. ०१ ०२ हे षोडशमान बाइट २५८ ऐवजी ५१३ होतात. प्रोग्राम अडत नाही, आकडे तेवढे खोटे निघतात, आणि खरा धोका हाच. जावातील ‘डेटाइनपुटस्ट्रीम’ मुळातच बिग-एंडियन आहे. पायथनच्या नमपायमध्ये क्रम ‘>’ चिन्हाने सांगावा लागतो. सीमध्ये बाइट सरकवून संख्या जुळवणे सर्वांत भरवशाचे. फाइल थेट स्ट्रक्टमध्ये उतरवू नये. एक बाइट आणि चार बाइटांचा पूर्णांक फिट्सच्या तक्त्यात पाच बाइट घेतात, सीचा कंपायलर मात्र मध्ये भर घालून सहसा आठ करतो.

चिन्ह : ८ बिटांचे पूर्णांक अचिन्ह, १६ बिटांचे सचिन्ह. जावाचा बाइट सचिन्ह असल्याने २०० चे −५६ होतात. ० ते ६५,५३५ पल्ल्यातील संख्या ३२,७६८ वजा करून ठेवतात. वाचताना किती मिळवायचे हे सांगणारी शीर्षभागातील ‘बीझीरो’ नोंद न पाहता त्या वाचू नयेत.

लायब्ररी : सी व फोर्ट्रानसाठी सीफिट्सआयओ, पायथनसाठी अ‍ॅस्ट्रोपाय.

महाराष्ट्रातील काम : पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका व सॉफ्टवेअर कंपनी पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी-इंडिया’ प्रकल्पात फिट्सचे व्हीओटेबल या एक्सएमएल तक्ता-स्वरूपात रूपांतर करणारे ‘कॉनव्हॉट’ आणि आलेख काढणारे, जावात लिहिलेले ‘व्हीओप्लॉट’ तयार झाले. भारतातील या क्षेत्रातील हे महत्त्वाचे काम होय.

मर्यादा : फिट्स कालबाह्य झाले, असे काही संशोधक मानतात, एचडीएफ५ व एएसडीएफ हे पर्याय वापरात आहेत.

विद्यार्थ्यांनी ‘होप’ची एखादी फाइल घेऊन स्वतःचा वाचक-प्रोग्राम लिहावा आणि आलेले आकडे अ‍ॅस्ट्रोपायच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.