नाव सरकारी, मालक भलताच : फसव्या वेब-पत्त्यांचा मागोवा

पाथरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला सौर कृषिपंप हवा असेल तर ऑनलाईन अर्ज करावा लागतो आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागतो: सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. त्यामुळे वेबसाइटने पैसे मागितले तरी त्याला शंका येत नाही. ठगांनी नेमके हेच हेरले. सौर कृषिपंपांसाठीची 'पीएम-कुसुम' योजना २०१९ मध्ये आली आणि पाठोपाठ तिच्या नावाच्या बनावट वेबसाइट उभ्या राहिल्या. संबंधित केंद्रीय मंत्रालयाने वारंवार इशारे दिले, काही पत्ते नावानिशी जाहीर केले. त्यांतला एक 'पीएमकिसानकुसुमयोजना डॉट को डॉट इन' असा होता.

अशा फसव्या पत्त्यांचे मूळ १९८३ पर्यंत जाते. पॉल मोकापेट्रिस यांनी तेव्हा संगणकांच्या आकडी पत्त्यांना नावे देणारी पद्धत आखली. पुढे नावे विकली जाऊ लागली, आणि ज्याने आधी नोंदवले त्याचे नाव, हा नियम रूढ झाला.

या नियमाचे परिणाम मुंबईने लवकर पाहिले. १९९९ मध्ये 'रेडिफ' या संकेतस्थळाच्या कंपनीने उच्च न्यायालयात धाव घेतली, कारण दुसऱ्याच कोणी 'ई'च्या जागी 'ए' घालून 'रॅडिफ डॉट कॉम' नोंदवले होते. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. २००२ मध्ये दोन इस्रायली संशोधकांनी रशियन अक्षरे मिसळून 'मायक्रोसॉफ्ट'चा जुळा पत्ता नोंदवून दाखवला. डोळ्यांना फरक कळत नव्हता. २००५ पासून 'डॉट इन'ची नोंदणीही सर्वांना खुली झाली. पत्त्याशेजारचे कुलूपचिन्हही भरवशाचे नाही. वाटेत माहिती कोणी वाचत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला सज्जन आहे की ठग, हे सांगत नाही.

म्हणून पत्ता शेवटाकडून वाचावा. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तरच तो सरकारी मानावा. ही अक्षरे मध्येच कुठे किंवा आडव्या रेघेने जोडलेली असतील तर विश्वास ठेवू नये. 'डॉट जीओव्ही डॉट इन' हा शेवट सरकारी यंत्रणांनाच मिळतो.

पण इथे सरकारच नियम मोडते. महाऊर्जा या राज्य संस्थेचे कुसुम पोर्टल 'डॉट कॉम'वर चालले, सरकारी वीज कंपनी महावितरणचा पत्ता 'डॉट इन'ने संपतो. मग शेतकऱ्याने खरे-खोटे ओळखायचे कशावरून? रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर येण्यास सांगितले. राज्य सरकारनेही प्रत्येक योजनेचा अर्ज 'डॉट जीओव्ही डॉट इन'वरच घ्यावा आणि तो पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. तोवर पैसे भरण्याआधी पत्ता तालुका कृषी कार्यालयात किंवा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. फसवणूक झालीच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.