लांब गळाची काठी आणि तिचा प्रवास : साठवण व वाहतुकीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रास्ताविक

मासेमारीच्या इतिहासलेखनात जाळी, होड्या आणि बंदरे यांना जे स्थान मिळाले ते गळाच्या काठीला मिळालेले नाही. जे थोडे लेखन उपलब्ध आहे ते बहुतांशी काठी कशाची बनविली या एकाच अंगाने झालेले दिसते. प्रथम लाकूड, मग बांबू, नंतर काचतंतू व शेवटी कार्बनतंतू असा एक सरळ क्रम त्यात मांडला जातो. हा क्रम चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. काठीचे रूप पाण्याच्या काठावरील गरजेने जितके घडले तितकेच ते घरापासून पाण्यापर्यंतच्या अंतराने घडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचनात इंग्लंड हे मुख्य उदाहरण घेतले असून, त्याच्या जोडीला जपानचे आणि या इतिहासात बांबूच्या रूपाने शिरलेल्या भारताचे उदाहरण पाहिले आहे.

प्रश्नाचे स्वरूप साधे आहे. काठी जितकी लांब तितका गळ काठावरच्या झुडपांपलीकडे, पाणवनस्पतींपलीकडे आणि माशाला माणसाची चाहूल लागणार नाही इतक्या अंतरावर टाकता येतो. मात्र तीच लांबी दारातून, जिन्यावरून आणि झाडीतल्या पायवाटेवरून जाताना वैरी होते. काठीचे शेंड्याकडचे टोक काडीइतके बारीक असते. मासा ओढताना ते वाकते, परंतु ताण संपूर्ण काठीवर वाटला जात असल्यामुळे तगते. भिंतीला टेकवून ठेवताना, दारात अडकताना किंवा गाठोड्याखाली दाबले जाताना मात्र सगळा भार एकाच बिंदूवर येतो. काठी पाण्यात मोडण्यापेक्षा घरात व वाटेत अधिक मोडते, हा गळ टाकणाऱ्यांचा जुना अनुभव याच कारणाने आलेला आहे.

जो पाण्याकाठीच राहतो त्याला ही अडचण फारशी भासत नाही. आपल्याकडे खाडीकाठी गरवणारा माणूस बांबूची काठी तोडतो, वापरतो आणि पडवीच्या वाशांवर आडवी टाकून ठेवतो. मोडली तर दुसरी तोडतो. गळाने मासे धरण्याचा छंदही आपल्या प्रदेशाला परका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून, त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे आणि गळाचा खेळ यांचे वर्णन आहे. काठी वाहून नेण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो मासे धरणारा पाण्यापासून दूर राहू लागतो तेव्हा.

चालण्याच्या काठीत दडलेली गळाची काठी

इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर छापले गेलेले पहिले प्रकरण १४९६ मध्ये विंकिन दे वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केले. त्याचे कर्तृत्व डेम ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीकडे दिले जाते. ते वादग्रस्त आहे आणि येथे त्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या प्रकरणात काठी बनविण्याची जी कृती आहे ती वस्तुतः काठी वाहून नेण्याचीच कृती आहे.

हेझल, विलो किंवा ॲस्पेन या झाडांपैकी एकाची सुमारे दीड वाव लांबीची, हाताएवढी जाड फांदी हिवाळ्यात तोडावी. ती भट्टीत तापवून सरळ करावी व महिनाभर सुकू द्यावी. मग ती एका जाड चौकोनी तुळईला घट्ट बांधून, तापविलेल्या तारेने तिचा गाभा आरपार जाळावा. पोकळी पुरेशी मोठी झाली की ती घराच्या छपराखाली धुरात टांगून पूर्ण वाळू द्यावी. शेंड्याचा भाग वेगळ्या लवचिक लाकडाचा करून तो या पोकळ दांड्यात बसेल असा घडवावा. दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाची किंवा पितळेसारख्या मिश्रधातूची कडी चढवावीत आणि बुडाला अणकुचीदार टोक बसवावे. असे केले की बाहेरून दिसते ती केवळ चालण्याची काठी, आणि आपण कोठे निघालो आहोत हे वाटेत कोणाला कळत नाही, असेही लेखक मुद्दाम सांगतो.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय लावावा? वाटेतल्या टवाळीचा संकोच, दुसऱ्याच्या पाण्यात मासे धरण्याची सोय, की केवळ खेळकरपणा, हे मजकुरावरून ठरत नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र कड्यांची सूचना अधिक बोलकी वाटते. लाकूड पोकळ केले की ते टोकाकडून चिरते. ते चिरू नये म्हणून चढविलेले हे कडे, म्हणजे मराठीत ज्याला आपण काठीची शेंबी म्हणतो तिचाच प्रकार, पुढील काळात काठीच्या रचनेचे मर्मस्थान बनणार होते.

सांधा : सोय आणि दोष

आयझॅक वॉल्टन याच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या १६५३ च्या ग्रंथाला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटन याने पुरवणी जोडली. कॉटनने यॉर्कशरमध्ये बनणाऱ्या काठ्यांची मोठी स्तुती केली आहे. सहा, आठ, दहा किंवा बारा तुकडे परस्परांना जोडून, खालच्या भागात बारीक दोऱ्याने व वरच्या भागात रेशमाने बांधून या काठ्या तयार होत. हाताजवळचे तुकडे हलक्या फर लाकडाचे असत. हंगाम संपला की त्यांचे बंध सोडावेत, तुकडे कोरड्या जागी ठेवावेत आणि पुढील हंगामात पूर्वीच्याच क्रमाने जोडावेत. काठी पहिल्या दिवसाइतकीच सरळ राहते, असे तो सांगतो. येथे एक बारकावा निसटता कामा नये. कॉटनचे तुकडे वाहतुकीसाठी सुटे होत नसून साठवणीसाठी होतात. पाच-सहा यार्डांची बांधलेली काठी रोज सोडणे व रोज बांधणे व्यवहार्य नव्हते. आपल्या घराजवळूनच वाहणाऱ्या डव्ह नदीवर मासे धरणाऱ्या जमीनदाराला त्याची गरजही नव्हती.

ती गरज शहराने निर्माण केली आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वेने ती अनेक पटींनी वाढविली. लंडनचा कारकून सकाळच्या गाडीने नदीवर जाऊन रात्री परतू लागला. सधन माणूस स्कॉटलंडच्या सामन नद्यांपर्यंत पोहोचू लागला. डब्यात सोबत नेता येईल अशा मापाचे तुकडे करणे आता भाग होते. एका तुकड्याच्या टोकाला धातूची नळी व दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात घट्ट बसणारी खुंटी, अशी जोडणी सर्वत्र रूढ झाली. प्रवासात नळीच्या तोंडात माती वा दमटपणा शिरू नये म्हणून पितळी बुचे आली. बारीक शेंडा सर्वांत आधी मोडतो हे गृहीत धरून काठीबरोबर जादा शेंडा देण्याची प्रथा पडली, आणि तो शेंडा दांड्याच्या पोकळीत किंवा बांबूच्या वेगळ्या नळीत ठेवला जाई. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र कप्पा असलेली कापडी पिशवीही याच व्यवस्थेचा भाग होय.

साठवणीचे पथ्यही या काळात पक्के झाले. ओली काठी पिशवीत घालू नये, कारण रोगण फुगते व बुरशी धरते. पिशवीच्या नाड्या आवळू नयेत, नाहीतर तुकड्यांना कायमचा बाक येतो. भिंतीला तिरपी टेकवून ठेवण्यापेक्षा पिशवी वरच्या फासाने सरळ टांगावी. अडकलेला सांधा पिळून काढू नये; सरळ रेषेत ओढावा, आणि शक्य तर ओढायला दोघे असावेत. ही पथ्ये आजच्या वाचकाला क्षुल्लक वाटतील. पण प्रत्येक पथ्यामागे मोडलेल्या काठ्यांचा अनुभव आहे.

धातूच्या सांध्याने वाहतूक सुकर केली, तथापि काठीत एक ताठर जागा निर्माण केली. संपूर्ण काठी कमानीसारखी वाकते. सांधा वाकत नाही. परिणामी सांध्यालगतच ताण साचतो आणि काठी बहुधा तेथेच मोडते. स्कॉटलंड व आयर्लंडमधील लांब सामन-काठ्यांचे काही कारागीर यामुळेच धातूकडे वळले नाहीत. गयानातून येणाऱ्या ग्रीनहार्ट या जड लाकडाचे तुकडे ते टोकाशी लांब तिरपे तासत आणि नदीवर पोहोचल्यावर ते तिरपे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवून दोऱ्याने आवळून बांधत. या जोडणीला वेळ लागे, पण काठी सलग वाकत असे.

बंदराचे नाव लागलेला बांबू

याच शतकात भारताचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आला. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे बंदुका व व्हायोलिन बनविणाऱ्या सॅम्युअल फिलिप या कारागिराने १८४० च्या दशकात बांबू उभा चिरून, त्याच्या कामट्या तासून व सरसाने एकत्र चिकटवून काठीचे भाग तयार केले. पुढे हायरम लिओनार्ड आदींच्या हातून सहा कामट्यांची षट्कोनी काठी प्रमाण ठरली. बांबूचे सर्वांत बळकट तंतू सालीलगत असतात. आतला मऊ भाग काढून टाकून ती साल बाहेर राखणे, हे या रचनेचे तत्त्व होते. या काठ्यांसाठी आरंभी जो बांबू वापरला गेला तो भारतातून जाई आणि बाजारात त्याचे नाव ‘कलकत्ता’ असे होते.

कलकत्ता हे बांबूचे रान नव्हते. ते बंदर होते. बांबू कोणत्या टेकडीवर वाढला, कोणी तोडला, कोणी नदीतून वाहून आणला, याची नोंद व्यापारी नावात राहिली नाही. या बांबूंवर भाजल्याचे काळे डाग असत आणि त्यांविषयी पाश्चात्त्य कारागिरांत नाना तर्क चालत. काहींनी तर त्यांचा संबंध धार्मिक विधीशी जोडला. लाठीसाठी वेळू विस्तवावर शेकून सरळ करणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इतक्या दूरच्या तर्काची आवश्यकता भासू नये.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या बांबूची जागा ‘टोंकिन’ नावाच्या बांबूने घेतली. तो अधिक सरळ व ताठ होता. तो चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात वाढतो. व्हिएतनामच्या उत्तर भागातील टोंकिनशी त्याचा नावापुरताच संबंध. एफ. ए. मॅक्लूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा ही वस्तुस्थिती स्पष्ट झाली. दोन्ही बांबूंची बाजारनामे उगमाची खूण देत नाहीत. वस्तूला ओळख मिळाली ती वाहतुकीच्या मार्गावरून, आणि ती तोडणाऱ्यांच्या श्रमाची ओळख त्याच मार्गावर पुसली गेली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या बांबूचा काही भाग तयार काठीच्या रूपाने पुन्हा भारतात आला. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर महसीर माशाचा छंद ब्रिटिश अधिकाऱ्यांत चांगलाच रुजला होता. परंतु प्राण्यांच्या सरसाने चिकटविलेली काठी दमट उष्णतेत उकलण्याचे भय असे. म्हणून कामट्यांच्या काठीवर थोड्याथोड्या अंतरावर रेशमाचे वेढे देत. सरस सुटला तरी काठी सुटू नये, ही त्यामागील योजना होती. दुसरीकडे हिमालयातील रिंगालसारखा अखंड बारीक बांबू स्थानिक पातळीवर मिळत होता आणि त्याला सरसाची गरजच नव्हती.

जपानमधील दोन मार्ग

जपानमध्ये हाच प्रश्न दोन प्रकारे सुटलेला दिसतो. एदो, म्हणजे आजचे टोकियो, या महानगरात बांबूचे छोटे तुकडे एकमेकांत बसवून बनविलेल्या काठ्यांची परंपरा विकसित झाली. एका तुकड्याचे निमुळते टोक दुसऱ्याच्या तोंडात बसते. ते तोंड फाटू नये म्हणून त्यावर रेशीम गुंडाळून उरुशी झाडाच्या चिकाचे लेप देतात. म्हणजे शेंबीचे काम येथे धातूऐवजी रेशीम व चीक करतात. या कलेला १९९१ मध्ये तेथील शासनाने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

याउलट उत्तरेकडील शोनाई संस्थानात गळाची मासेमारी ही सामुराईंच्या शरीर-मनाच्या शिस्तीचा भाग मानली गेली. तेथील काठी एकसंध बांबूची, कित्येक वर्षे शेकून व धुरात मुरवून तयार केलेली असे. ती खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून समुद्रावर जाणे हाच सरावाचा भाग होता. गैरसोय टाळायची नव्हती, ती अंगवळणी पाडायची होती. पुढे प्रवासाच्या सोयीसाठी या काठ्याही कापून पितळी नळीने जोडल्या जाऊ लागल्या.

नवे तंतू, जुनी रचना

१९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबूची तेथील आयात थांबली. काचतंतूच्या पोकळ काठ्या तेव्हा बाजारात येतच होत्या. त्यांचा प्रसार या बंदीने वेगाने झाला. १९७० च्या दशकात कार्बनतंतू आला. नळी पोकळ असल्यामुळे एक भाग दुसऱ्याच्या पोटात सरकवून ठेवणे पुन्हा शक्य झाले. १४९६ च्या कृतीत तापलेल्या तारेने जी पोकळी जाळावी लागे ती आता साच्यातूनच मिळू लागली. युरोपातील स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या सोळा मीटरपर्यंतच्या काठ्या अशाच एकात एक बसवून, कठीण नळ्यांत व जाड अस्तराच्या पिशव्यांत घालून नेल्या जातात. कार्बनची पातळ भिंत वाकण्यास समर्थ असली तरी दगडाचा वा मोटारीच्या दाराचा एक आघात तिला पुरतो. बाहेरून न दिसणारी चीर पडते आणि काठी पुढे केव्हातरी मोडते.

या पदार्थाने वाहतुकीत एक निराळाच धोका आणला. कार्बन विजेचा वाहक आहे. जोडलेली लांब काठी उभी धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना ती वरच्या तारांना लागून, किंवा पुरेशी जवळ जाऊन, माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. ब्रिटनमध्ये तारांखालील तळ्या-नद्यांच्या काठी यासंबंधी इशाऱ्याचे फलक लावलेले असतात. तारांजवळ जाण्यापूर्वी काठीचे भाग सुटे करावेत आणि ते जमिनीला समांतर धरून न्यावेत, अशी सूचना मासे धरणाऱ्यांना दिली जाते.