रवीवाचून घुसळण

किण्वनपात्रांच्या इतिहासात उत्तर इंग्लंडमधील बिलिंगहॅमचे स्थान काहीसे विलक्षण आहे. सूक्ष्मजंतूंना प्राणवायू मिळावा म्हणून पात्रात फिरते पाते बसविण्याचा प्रघात होता. आपल्या डेऱ्यातील रवीच म्हणावयाची ती. परंतु पात्र जसजसे मोठे होई तसतसा शक्तिव्यय वाढे, आणि घुसळणीची उष्णता जंतूंच्या उष्णतेत मिसळून पात्र थंड राखणे बिकट होई. जगास प्रथिने अपुरी पडतील या धास्तीच्या काळात इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या अभियंत्यांनी रवीच काढून टाकली. उंच स्तंभाच्या तळाशी हवा सोडली की बुडबुड्यांनी हलका झालेला द्रव वर चढतो, माथ्यावर वायू निसटताच जड होऊन दुसऱ्या मार्गाने खाली उतरतो. तळाशी दाब अधिक असल्याने प्राणवायूही अधिक विरघळतो. १९८० च्या सुमारास असे सुमारे १५ लक्ष लिटरांचे पात्र मेथॅनॉलवर पोसलेल्या जंतूंपासून ‘प्रुटीन’ हे पशुखाद्य देऊ लागले. मात्र सोयाबीन स्वस्त व मेथॅनॉल महाग, म्हणून काही वर्षांतच ते बंद पडले. हा पराभव बाजारातला होता, रचनेचा नव्हे. १९८५ साली विक्रीस आलेल्या ‘क्वॉर्न’ या बुरशीजन्य मानवी खाद्यासाठी बिलिंगहॅमलाच हवेवर चालणारे पात्र उपयोगी पडले. तेथे बुरशीचे लांब तंतू जपावयाचे असल्याने पाते नसणे हाच गुण ठरला.