सावित्रीखोऱ्यातील माडी

* सावित्री नदीकाठच्या महाड व पोलादपूर या तालुक्यांतील मुसळधार वृष्टी द्राक्षवेलीस मानवणारी नसल्यामुळे, नाशिककडील मळ्यांची कीर्ती ऐकून येथे द्राक्षासव शोधणाऱ्या वाचकाने आपली दृष्टी सह्याद्रीच्या उतारावरील भेरली माडाकडे वळवावी. हा वृक्ष आयुष्याच्या अखेरीस शेंड्याकडून बुंध्याकडे फुलत येतो आणि फुलोरा संपताच वठतो. त्या फुलोऱ्याच्या दांड्यास रोज नवा काप दिला असता मडक्यात ठिबकणारा रस पहाटे निर्मळ व मधुर असतो, आणि उन्हे चढताच फसफसू लागतो; हीच माडी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रसासाठी छेदल्या जाणाऱ्या झाडांवर जबर पट्टी बसवून व विक्रीचा मक्ता मोजक्या मक्तेदारांकडे सोपवून कोकणातील भंडारी समाजाच्या माडी काढण्याच्या वंशपरंपरागत कसबावर जो आघात केला, तो आमच्या मते सर्वथा अन्याय्य होता.