तंजावूर राजवाडा परिसर : घर भाड्याने देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

तंजावूरच्या राजवाडा परिसरात एखादे जुने घर घेऊन किंवा वडिलोपार्जित घर दुरुस्त करून भाड्याने देण्याचा विचार करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो भाडे किती मिळेल, हा. वास्तविक पहिला प्रश्न जमीन कोणाची, हा असावयास हवा.

या प्रश्नाला येथे जुना इतिहास आहे. दुसरे शिवाजी राजे १८५५ मध्ये निपुत्रिक निवर्तल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मिळकतही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी दावा लावला. मात्र ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मिळकत राजघराण्याकडे परत केली.

भोसले घराण्याच्या वंशपरंपरागत विश्वस्तपदाखालील राजवाडा देवस्थानाकडे ८८ मंदिरे आहेत. मंदिराच्या जागेवर उभे असलेले घर विकत घेणाऱ्यास बहुधा केवळ बांधकाम मिळते. जागेचे भाडे देवस्थानाला द्यावेच लागते. तमिळनाडूच्या १९५९ च्या हिंदू धार्मिक व धर्मादाय संस्था कायद्यानुसार अशी जमीन विकण्यास किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास आयुक्तांची मंजुरी लागते. मंजुरीविना झालेला व्यवहार रद्दबातल ठरतो. म्हणून नगर भूमापनाचा उतारा, पट्टा आणि ज्याला तमिळमध्ये ‘विल्लंगम्’ म्हणतात तो बोजाचा दाखला, हे तिन्ही कागद विसार देण्यापूर्वीच पाहावेत. महाराष्ट्रातील मिळकत पत्रिकेची सवय असलेल्यांनी यासाठी स्थानिक वकील गाठावा, हे उत्तम. बृहदीश्वर मंदिरासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून, त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते.

आता हिशेब. समजा, सर्व शुल्कांसह घर ४० लाखांना पडले आणि दरमहा १२,००० रुपये भाडे आले. वर्षाचे १,४४,००० रुपये, म्हणजे ३.६ टक्के. घर एक महिना रिकामे राहिले आणि मालमत्ता कर व दुरुस्तीवर २२,००० खर्च झाले, तर हाती १,१०,००० उरतात; परतावा पावणेतीन टक्क्यांवर येतो. त्यातील २० लाख साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेतले असतील, तर मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो. भाड्यातून हप्ता सुटेल, ही समजूत येथे टिकत नाही.

प्राप्तिकरात मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वेगळा दाखविता येत नाही; कर्जाचे व्याज मात्र वजा होते. त्यातून तोटा निघाल्यास जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंत तो इतर उत्पन्नातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही. पगारदारांच्या ध्यानात ही गोष्ट अनेकदा उशिरा येते. मालक अनिवासी भारतीय असल्यास भाडे थोडे असले तरी भाडेकरूने उगमस्थानी कर कापावयाचा असतो.

तमिळनाडूत १९६० चा भाडे नियंत्रण कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. करार लेखी हवा आणि भाडे प्राधिकरणाकडे त्याची नोंद हवी. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते, हा समज या कायद्यापुढे उपयोगी पडत नाही. वेगळा करार नसल्यास अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

मासिक भाड्याऐवजी एकरकमी मोठी रक्कम घेऊन घर राहावयास देण्याची ‘ओत्ति’ नावाची पद्धतही तमिळनाडूत आहे. मुदत संपताच सगळी रक्कम परत करावी लागते. ती खर्चून बसलेल्या मालकाला त्या वेळी नवा ओत्तिदार शोधावा लागतो किंवा कर्ज काढावे लागते.