बिनतारी संदेशवहन आणि ह्रस्व तरंगांचा प्रश्न

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास लिहिताना मॅक्सवेल, हर्ट्झ आणि मार्कोनी ही तीन नावे एका सरळ रेषेवर मांडण्याचा प्रघात आहे. मॅक्सवेलने १८६५ मध्ये विद्युच्चुंबकीय क्षेत्राचा सिद्धांत प्रसिद्ध केला, हर्ट्झने १८८७-८८ मध्ये जर्मनीत ते तरंग प्रत्यक्ष निर्माण करून दाखविले आणि मार्कोनीने त्यांचा व्यवहारात उपयोग केला, असा हा क्रम होय. क्रम खरा आहे. परंतु या विद्येच्या मूलतत्त्वांविषयी पुढे दीर्घकाळ रूढ झालेला एक समज त्यामुळे दृष्टीआड राहतो. दूरचा संदेश दीर्घ तरंगांनीच जातो, हा तो समज. तो कसा रूढ झाला व कसा ढासळला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रारंभीचे प्रयोग ह्रस्व तरंगांचेच होते. परावर्तन व अपवर्तन दाखविण्यासाठी हर्ट्झने सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीचे तरंग वापरले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ नंतर सुमारे ५ मिलिमीटर इतके लहान तरंग निर्माण केले व १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनपुढे त्यांचे गुणधर्म मांडले. प्रकाशाशी या तरंगांचे साधर्म्य टेबलावर मावणाऱ्या उपकरणांनी सिद्ध करावयाचे, तर तरंग लहान असणे आवश्यकच होते. मार्कोनीचा हेतू वेगळा होता. त्याने १८९५ पासून प्रक्षेपकाचे एक टोक उंच तारेस व दुसरे जमिनीस जोडले. तार जितकी उंच तितका पल्ला अधिक, असा अनुभव येत गेला. आणि तारेबरोबर तरंगलांबीही वाढली. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्धू येथून निघालेले संकेत न्यूफाउंडलंड येथे ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले. पृथ्वीच्या गोलाईवरून हे तरंग वळले कसे, याचा उलगडा करण्यासाठी १९०२ मध्ये केनेली व हेविसाइड यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्-वाहक थर असावा असे सुचविले. मात्र त्या थरास प्रत्यक्ष प्रमाण नव्हते.

या स्थितीत अभियंत्यांना आधार वाटला तो एका सूत्राचा. अमेरिकन नौदलासाठी केलेल्या निरीक्षणांवरून ऑस्टिन व कोहेन यांनी ते बसविले. त्यानुसार क्षीणनाचा घातांक अंतराच्या सम प्रमाणात आणि तरंगलांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तात्पर्य, तरंग जितका दीर्घ तितका तो कमी क्षीण होतो. ज्या दीर्घ तरंगांवर निरीक्षणे झाली होती, त्यांच्या मर्यादेत हे सूत्र उपयुक्त होते. परंतु निरीक्षणांच्या कक्षेबाहेरही तोच नियम लागू पडतो, असे गृहीत धरले गेले. त्यामुळे प्रचंड केंद्रे उभी राहिली. १९२६ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील रग्बी केंद्राची तरंगलांबी १८,७५० मीटर होती.

ज्यांना निरुपयोगी मानले त्या तरंगांचे पुढे काय झाले, हे लक्षणीय आहे. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी प्रयोगकर्त्यांना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच्या पट्ट्यात ढकलले. नोव्हेंबर १९२३ मध्ये याच मंडळींपैकी श्नेल व देलुआ यांनी सुमारे १०० मीटर तरंगांवर अमेरिका व फ्रान्स यांच्या दरम्यान दुतर्फा संभाषण साधले. त्याच सुमारास मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँकलिन यांचेही ह्रस्व तरंगांवर प्रयोग चालू होते. १९२४ मध्ये सुमारे ३२ मीटरचे तरंग भर दिवसाही दूर पोहोचतात, असे आढळले. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने ह्रस्व तरंगांच्या केंद्रांसाठी मार्कोनी कंपनीशी करार केला. वरच्या थराचे अस्तित्व ॲपलटन व बार्नेट यांनी प्रयोगाने सिद्ध केले ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात. म्हणजे करार आधी झाला आणि कारण नंतर उमगले.

ते कारण असे. जमिनीलगत जाणारा तरंग ह्रस्व असेल, तर तो लवकर क्षीण होतो. येथवर जुना समज बरोबर होता. परंतु आकाशाकडे गेलेला तरंग आयनांबरातून परत फिरतो, आणि त्याच्या खालच्या भागात होणारे शोषण तरंगलांबी कमी होताच घटते. अर्थात त्यालाही सीमा आहे. तरंग फारच लहान झाल्यास तो थर भेदून निघून जातो. शिवाय तरंग एका दिशेस एकवटावयाचा, तर आकाशतारांची रांग तरंगलांबीच्या कित्येक पट रुंद हवी. पंधरा हजार मीटरच्या तरंगासाठी ती अशक्यप्राय. तीस मीटरसाठी सुसाध्य.

या तत्त्वाचे एक प्रत्यक्ष रूप पुणे जिल्ह्यात उभे राहिले. भारत व इंग्लंड यांच्या दरम्यानची झोतपद्धतीची सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीस व ग्रहण केंद्र दौंडास होते. अशा सेवांनी समुद्री तारांचा व्यवसाय इतका ओढून घेतला की, १९२८ मध्ये साम्राज्यातील सरकारांची परिषद भरवावी लागली आणि १९२९ मध्ये तार व बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. भारतातील ही सेवा १९४७ मध्ये सरकारच्या ताब्यात आली.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यासही विचारात घेण्याजोगा आहे. ऑस्टिन व कोहेन यांचे सूत्र खोटे नव्हते. त्याची मर्यादा विसरली गेली, हा दोष होता. यशस्वी यंत्राच्या अनुभवातून आलेला नियम निसर्गाचाच नियम मानला की, त्याच्या पलीकडची तपासणी थांबते, आणि ती करण्याची संधी नियमाने ज्यांना बाजूस सारले त्यांच्याच वाट्यास येते. बोस यांच्या उपकरणांतील तरंगांचीही गत काहीशी अशीच झाली. २०२२ मध्ये भारतात पाचव्या पिढीच्या दूरध्वनिसेवेसाठी ज्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव झाला, त्याची तरंगलांबी सुमारे साडेअकरा मिलिमीटर भरते. बोस यांनी हाताळलेल्या तरंगांच्या कक्षेतच ती मोडते.